वारा, पाऊस, काळोख आणि मासेमारी

(तळीये, ता. महाड येथे ग्रामस्थ व युवक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मासेमारी हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर समुद्र, होड्या आणि कोळीवाडे उभे राहतात. मग सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या तळीयेसारख्या गावात या विषयावर बोलण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. मृगाच्या सरी कोसळून ओढ्यांना पाणी आले की या खोऱ्यातील किती तरी घरांतून माणसे पाग, गळ, टोपली, जे हाताशी असेल ते घेऊन बाहेर पडतात. आपल्या कातकरी बांधवांसाठी तर नदी-ओढ्यातील मासे आणि खेकडे हा केवळ हौसेचा विषय नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी घरातील धान्य सरत आलेले असते, तेव्हा चुलीवर काहीतरी शिजावे यासाठीची ती तजवीज असते.

मासा कधी मिळतो आणि कधी मिळत नाही, हे आपण सहजपणे नशिबावर सोडून देतो. वस्तुतः त्यामागे वारा, पाऊस, उजेड-काळोख आणि पाण्याची गती यांचा ठरलेला हिशेब असतो. अनुभवी माणूस तो हिशेब अंगवळणी पडल्यासारखा जाणतो, आणि विज्ञानाने त्यातील बराचसा भाग आता उलगडून दाखविला आहे. तो आपणासमोर मांडावा, हा आजच्या व्याख्यानाचा एक उद्देश. दुसरा उद्देश अधिक महत्त्वाचा आहे. ज्या खुणा मासा जवळ आल्याचे सांगतात, त्यांपैकी काही खुणा संकट जवळ आल्याचेही सांगतात. गढूळ होणारे पाणी, चढणारा प्रवाह आणि काळोखी रात्र यांतून मासाही येतो आणि मृत्यूही येतो. या दोहोंमधील फरक ओळखता यावयास हवा.

सावित्रीचे खोरे

प्रथम आपल्या नदीकडे पाहू. महाबळेश्वरी ज्या पाच नद्यांचा उगम मानला जातो, त्यांपैकी कृष्णा, कोयना आणि वेण्णा या पूर्वेकडील खोऱ्यात जातात. सावित्री मात्र पश्चिमेस वळते, पोलादपूर व महाडवरून वाहत जाऊन हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामध्ये अरबी समुद्रास मिळते. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर आहे, तर महाड शहर जवळजवळ समुद्रसपाटीलगत आहे. शंभर किलोमीटरच्या आसपास लांबीच्या या नदीचा बहुतेक सगळा उतार पहिल्या थोड्याच अंतरात संपतो. त्यामुळे माथ्यावर पडलेला पाऊस काही तासांतच पायथ्याशी येऊन पोचतो. आपल्या अंगणात ऊन असताना ओढ्याला पूर येऊ शकतो, याचे कारण हेच.

माशांच्या दृष्टीने या नदीचे तीन भाग पडतात. डोंगरातील खळाळते, थंड आणि खडकाळ पाणी हा पहिला भाग. पोलादपूर ते महाडपर्यंतचे डोह आणि संथ पात्र हा दुसरा. भरतीचे खारे पाणी जेथवर चढते तो महाडच्या खालचा खाडीचा पट्टा हा तिसरा. वारा, पाऊस आणि काळोख या तिन्ही ठिकाणी निरनिराळ्या रीतीने काम करतात. म्हणून आपणही पाण्याबरोबर डोंगरातून खाली समुद्राकडे जाऊ.

पहिला पाऊस आणि चढणीचे मासे

उन्हाळ्यात ओढे आटतात आणि मासे डोहांत अडकून राहतात. पाणी तापलेले, स्थिर आणि प्राणवायू कमी असलेले असते. अशा वेळी मासा सुस्त असतो, तळाशी किंवा दगडाच्या सावलीत राहतो आणि गळाला सहसा लागत नाही. मृगाचा पाऊस कोसळला की एका रात्रीत सर्व चित्र पालटते. पाणी थंड होते, ते गढूळ होते आणि ते वाहू लागते. हे तीन बदल एकत्र आले की माशाच्या शरीरात विणीची प्रेरणा जागी होते आणि तो प्रवाहाच्या उलट, वर चढू लागतो. यालाच आपण चढणीचे मासे म्हणतो. उत्तर कोकणात काही ठिकाणी याला वलगण असे नाव आहे. ओढ्यातून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून भाताच्या खाचरात असा हा प्रवास चालतो. खाचरातील उथळ पाण्यात पिलांना खाद्य भरपूर असते आणि मोठ्या शिकारी माशांपासून ती सुरक्षित राहतात.

पावसाचा आणि माशाच्या विणीचा हा संबंध किती घट्ट आहे, हे एका उदाहरणावरून कळून येईल. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात उत्तम वाढतात, परंतु तळ्याच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. त्यामुळे पूर्वी मत्स्यबीज नदीतून पकडून आणण्यावाचून गत्यंतर नव्हते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूतील ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांची कृत्रिम वीण घडवून आणली. पुराने जी सूचना माशाच्या मेंदूस मिळावयाची, ती सुईने दिली गेली. देशातील मत्स्यशेतीचा पाया या प्रयोगाने घातला गेला, आणि म्हणूनच १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आपल्या शेततळ्यात आज जे मत्स्यबीज सोडले जाते, त्याचे मूळ या शोधात आहे.

आता याची दुसरी बाजू पाहू. चढणीचा मासा पकडावयास सोपा असतो, कारण तो उथळ पाण्यातून, अरुंद वाटेने आणि विणीच्या एकाच ओढीने येत असतो. परंतु त्याच्या पोटात गाभोळी असते. एक मादी पकडली म्हणजे हजारो अंडी टोपलीत पडली. ओढ्याची संपूर्ण रुंदी जाळ्याने किंवा बांबूच्या सापळ्याने अडविली, तर पुढील वर्षी त्या ओढ्यात चढावयास मासाच उरत नाही. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना विचारा. पूर्वी टोपल्या भरत, आता ताट भरत नाही, असे ते सांगतील. घरापुरते घ्यावे, वाट अर्धी मोकळी ठेवावी आणि गाभोळीने फुगलेली मादी पाण्यात परत सोडावी, एवढा संयम पाळल्यास हे धन टिकेल. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा तर कायद्याने गुन्हा आहे. त्यात लहान-मोठे सर्वच जीव मरतात आणि खालच्या अंगाचे पिण्याचे पाणीही दूषित होते.

संयमाचे उदाहरण शोधावयास आपणास दूर जावे लागत नाही. महाड तालुक्यातच वाळण येथे काळ नदीच्या पात्रात वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचे स्थान आहे आणि त्या डोहातील खडस जातीचे मोठे मासे देवीचे मानले जातात. त्यांना कोणी पकडीत नाही. भाविक त्यांना खाद्य घालतात आणि मासे निर्भयपणे वर येतात. खडस म्हणजेच महाशीर. पुराच्या दिवसांत वरच्या अंगाच्या खडी-वाळूच्या उथळ पात्रात अंडी घालणारा हा मासा इतर अनेक नद्यांतून कमी होत गेला, पण श्रद्धेच्या आधाराने या कोंडात टिकला. विणीचा मासा राखला तर नदी भरलेली राहते, याचा हा जिवंत पुरावा आहे.

काळोखाचे काम

मासेमारीसाठी रात्र का निवडली जाते, याची कारणे दोन आहेत. पहिले कारण माशाच्या हालचालीचे. मरळ, वाम, शिंगटी यांसारखे मासे आणि खेकडे दिवसा कपारीत, मुळांत वा चिखलात दडून बसतात आणि अंधार पडल्यावर खाद्याच्या शोधात बाहेर येतात. समुद्रातही सूक्ष्म जीव दिवसा खोल पाण्यात असतात आणि रात्री पृष्ठभागाकडे वर येतात. त्यांच्यामागे लहान मासे आणि लहान माशांमागे मोठे मासे अशी ही रांग वर सरकते.

दुसरे कारण दृष्टीचे. चांदण्या रात्री माशाला जाळ्याचे धागे दिसतात आणि तो वळसा घालून निघून जातो. काळोख्या रात्री तो त्यात अडकतो. म्हणूनच तरंगती जाळी सोडणारे मच्छीमार वद्य पक्षातील रात्रींना अधिक मोल देतात. काळोखाचा त्यांना आणखी एक लाभ होतो. समुद्राच्या पाण्यात असे सूक्ष्म जीव असतात की जे पाणी ढवळले गेले म्हणजे निळसर चमकतात. तारली किंवा बांगड्याचा थवा सरकला की त्या जागी पाणी उजळते आणि जाणता तांडेल त्या उजेडावरून थव्याची दिशा ओळखतो. पौर्णिमेच्या प्रकाशात ही चमक लोपून जाते.

माशाला केवळ डोळ्यांनीच कळते असे मात्र नाही. त्याच्या दोन्ही कुशींवर एक संवेदनशील रेषा असते. पाण्यातील बारीकशी थरथर तिला जाणवते. काठावर आपटलेला पाय, पाण्यात पडलेला खडा हे त्याला अंधारातही समजते. जुनी माणसे ओढ्यावर मोठ्याने बोलू देत नसत, पाय हलके टाकावयास सांगत, त्यात अर्थ होता.

उजेडाचा उपयोगही काळोखातच होतो. मशाल किंवा विजेरीचा झोत अचानक पडला की उथळ पाण्यातील मासा आणि खेकडा क्षणभर स्तब्ध होतो. समुद्रात माकूल आणि काही लहान मासे दिव्याकडे ओढले जातात. परंतु या गुणाचा गैरवापर किती दूर जाऊ शकतो, याचा अनुभव आपल्या किनाऱ्याने घेतला आहे. प्रखर एलईडी दिव्यांचे झोत पाण्यात सोडून लहान-मोठा सर्व मासा एका जागी गोळा करावयाचा आणि तो घेरून उचलावयाचा, ही पद्धत सुरू झाली, तेव्हा पारंपरिक मच्छीमारांच्या जाळ्यात काही उरेना. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस भारताच्या सागरी क्षेत्रात बंदी घातली. महाराष्ट्रानेही १९८१ च्या आपल्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा करून शिक्षेच्या तरतुदी कडक केल्या. काळोख हा माशाचाही आसरा आहे. तो सर्वस्वी हिरावून घेतल्यास माशाची पुढची पिढी उरणार नाही.

वारा आणि होडी

वाऱ्याचा परिणाम लहान तळ्यातही दिसतो. वारा वाहू लागला की पाण्यावर बारीक लाटा उठतात. त्यांनी पाण्यात प्राणवायू मिसळतो, उजेड कमी आत शिरतो आणि काठावरचा माणूस माशाला स्पष्ट दिसत नाही. वाऱ्याबरोबर पृष्ठभागावरील कीटक आणि सूक्ष्म खाद्य ज्या काठाकडे ढकलले जाते, तेथे लहान मासे जमतात आणि त्यांच्या पाठोपाठ मोठे येतात. म्हणून तळ्यावर गळ टाकताना वारा ज्या काठावर जाऊन थडकतो तो काठ निवडावा. पाणी निवळ आणि वारा पडलेला असेल, तर मासा सावध असतो. अशा दिवशी पहाटे आणि सायंकाळी मिळेल तेवढेच पदरात पडते.

समुद्रावर वारा हाच पूर्वी मालक होता. शिडाच्या होड्यांच्या काळी पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे होडी नेत आणि दुपारनंतरचे खारे वारे तिला परत बंदरात आणीत. इंजिन आल्यानंतर ही गरज संपली, पण वाऱ्याचा धाक संपला नाही. जून-जुलैमध्ये नैर्ऋत्येचा वारा किनाऱ्याकडे जोराने वाहतो आणि समुद्र खवळतो. हाच काळ अनेक माशांच्या विणीचाही असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते, तिच्यामागे माणसाचे रक्षण आणि माशाचे रक्षण असे दोन्ही हेतू आहेत. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून होड्या लोटण्याच्या आपल्या परंपरेतही हीच जाण होती.

हंगामाबाहेरचा वारा अधिक घातक ठरतो, कारण तो बेसावध गाठतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ कोकणावर आले, तेव्हा मासेमारीचा हंगाम भरात होता आणि अनेक मच्छीमार घरी परतले नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर परिसराला तडाखा दिला. घरे, नारळी-पोफळीच्या बागा आणि होड्या यांची हानी अतोनात झाली, परंतु इशारा आधीच मिळाला असल्याने माणसे मोठ्या प्रमाणावर सुरक्षित जागी हलविता आली. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असता होडी सोडू नये, हा नियम पाळणारा मच्छीमार भित्रा नसतो, तो शहाणा असतो.

चंद्र, भरती आणि खाडी

महाडच्या खाली सावित्रीची खाडी होते आणि तेथे पावसाइतकीच सत्ता चंद्राची चालते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी कमी चढते आणि कमी उतरते. भरतीची वेळ काढण्याचे आपल्याकडील जुने गणित सोपे आहे. तिथीला पाऊणने गुणावे. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, अमावास्येस वा पौर्णिमेस सव्वा अकराच्या पुढे, अशी किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची अजमासे वेळ निघते. खाडीत आत जावे तसा तिला आणखी उशीर होतो. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते.

डोल नावाचे पिशवीसारखे जाळे प्रवाहाच्या तोंडाशी रोवून ठेवतात. त्यावरूनच डोलकर हे नाव पडले. पाणी जितके जोराने धावेल तितके बोंबील, जवळा, मांदेली यांचे प्रमाण जाळ्यात अधिक. म्हणून उधाणाचे दिवस हे डोलीचे दिवस आणि भांगाचे दिवस हे जाळी विणण्या-सांधण्याचे दिवस, असा किनाऱ्यावरचा पंधरवडा ठरलेला असतो. खाडीतील जिताडा, बोय आणि चिंबोरी यांनाही चढत्या-उतरत्या पाण्याची वेळ कळते. भरतीबरोबर ते काठाच्या झाडोऱ्यात शिरतात आणि ओहोटीबरोबर बाहेर येतात. वाट जाणणारा त्या वेळी तेथे पाग टाकतो.

हवेचा दाब : समज आणि वस्तुस्थिती

वादळ येण्यापूर्वी हवेचा दाब उतरतो, तो माशाला कळतो आणि मासा अधिक खातो किंवा खाणे सोडतो, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. या समजाला गणिताची कसोटी लावून पाहू. दाब दहा मिलिबारने उतरला तर आपण त्यास मोठा बदल म्हणतो. हा बदल केवळ दहा सेंटिमीटर पाण्याच्या भाराइतका आहे. म्हणजे मासा वीतभर खाली-वर झाला की त्याला तेवढाच किंवा त्याहून अधिक फरक सोसावा लागतो, आणि असा तो दिवसभर खाली-वर होतच असतो. तेव्हा माशाच्या वागण्यात जो बदल दिसतो, त्याचे कारण मुख्यतः दाब उतरताना त्याबरोबर येणाऱ्या गोष्टींत शोधावयास हवे. ढग येतात, उजेड कमी होतो, वारा सुटतो, कीटक पाण्यावर पडतात, पाणी थोडे निवते. अनुभव खरा असतो. त्याचे कारण मात्र पारखून घ्यावे लागते.

ढगाळ हवा आणि शेततळी

आता शेततळ्याविषयी दोन शब्द. पाण्यातील हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तोच वापरते. त्यामुळे तळ्यातील प्राणवायू सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो. सलग दोन-तीन दिवस दाट ढग राहिले, वारा पडला आणि तळ्यात खाद्य वा शेणखत अधिक झाले, तर पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात. ते खेळत आहेत असे समजू नये, ते गुदमरत असतात. अशा वेळी खाद्य त्वरित बंद करावे, ताजे पाणी उंचावरून धारेने सोडावे किंवा पाणी ढवळावे. ढगाळ दिवसांत खाद्य निम्म्यावर आणावे. पहिल्या पुराने रस्त्यावरची घाण, कुजका पालापाचोळा आणि सांडपाणी ओढ्यात येते, तेव्हाही प्राणवायू घटून मासे मरतात. असे मरून तरंगणारे मासे खाण्यासाठी कधीही गोळा करू नयेत.

पाण्याच्या खुणा

बंधुभगिनींनो, तळीये येथे पावसाविषयी बोलताना प्रत्येक शब्द जपून उच्चारावा लागतो. २२ जुलै २०२१ या दिवशी डोंगराचा कडा कोसळून या गावातील ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या आणि महाड शहर पाण्याखाली गेले. त्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हवामान विभाग २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक पावसाला अतिमुसळधार म्हणतो, त्याच्या जवळजवळ तिप्पट हा आकडा आहे. २४ जुलैला गुरुपौर्णिमा होती, म्हणजे दिवस उधाणाचे होते. वरून पूर उतरत असता खालून भरतीचे पाणी त्यास अडवू पाहत होते. त्यापूर्वी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्यांसह अनेक प्रवासी नदीत गेले. ती रात्र आषाढ अमावास्येची होती. मुसळधार पाऊस, पुराचे पाणी आणि काळोख यांत पूल राहिलेला नाही हे गाड्या हाकणाऱ्यांना दिसलेच नाही.

या घटनांचे स्मरण दुःख उगाळण्यासाठी करीत नाही. ज्याला मासेमारीमुळे पाणी वाचण्याची सवय आहे, तो माणूस गावाचा पहिला पहारेकरी होऊ शकतो, हे मला सांगावयाचे आहे. ओढ्यात उभ्या असलेल्या माणसाला काही गोष्टी घरात बसलेल्या माणसाच्या आधी दिसतात. पाणी हळूहळू गढूळ होणे आणि थोडे चढणे, ही चढणीच्या माशाची खूण होय. पण पाणी एकाएकी तांबड्या चिखलाचे झाले, त्यातून मुळासकट झाडे आणि दगड येऊ लागले, तर वर कोठेतरी जमीन सुटली आहे. पाऊस चालू असताना ओढ्याचे पाणी अचानक ओसरले, तर आनंदाने मासे वेचावयास खाली उतरू नये. दरडीने वर प्रवाह अडला असण्याचा संभव असतो आणि तो बांध फुटला की पाण्याचा लोंढा येतो. नेहमीचा निवळ झरा गढूळ होणे, नसलेल्या जागी झरा फुटणे, उतारावरील जमिनीस भेगा पडणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, डोंगरातून घरघर ऐकू येणे, या दरडीच्या खुणा आहेत. त्या दिसताक्षणी जाळे तेथेच टाकावे, वाडीत ओरडून सांगावे आणि उताराच्या वाटेतून बाजूस व्हावे. तलाठी, पोलीस पाटील किंवा तहसील कार्यालयास कळविणे हे त्यानंतरचे काम.

काय करावे

काही साध्या सूचना सांगून मी माझे भाषण आटोपते घेतो.

पावसाळ्यात रात्री ओढ्यावर एकट्याने जाऊ नये. दोघांपैकी एकाने नेहमी वरच्या अंगाकडे पाहत काठावर उभे राहावे. मुलांना चढणीचे मासे धरावयास रात्री पाठवू नये.

हवामान विभागाचा इशारा ऐकूनच बाहेर पडावे. पिवळा इशारा म्हणजे सावध राहा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे प्रत्यक्ष हालचाल करा. इशारा केवळ आपल्या गावाचा पाहून भागत नाही. महाबळेश्वर आणि घाटमाथा यांचा पाऊस आपल्याच ओढ्यात उतरणार आहे, हे ध्यानी ठेवावे.

विजा चमकू लागल्या की पाण्यातून बाहेर यावे आणि एकट्या उंच झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले दामिनी हे ॲप विजेची पूर्वसूचना मोबाईलवर देते. तरुणांनी ते घ्यावे आणि आपल्या वाडीतील ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांना सांगावे.

महाडजवळ सावित्रीच्या पात्रात मगरींचा वावर आहे. सायंकाळनंतर तेथे पाण्यात उतरून पाग टाकू नये.

खाडीत वा समुद्रावर जाणाऱ्या आपल्या बांधवांसाठी हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र माशांच्या संभाव्य जागांची माहिती देते. उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान आणि त्यातील हिरव्या सूक्ष्म वनस्पतींचे प्रमाण यांवरून ती काढली जाते. दाट ढग असले की उपग्रहालाही पाणी नीट दिसत नाही. तेव्हा यंत्राची माहिती आणि तांडेलाची नजर या दोहोंची सांगड घालणेच हिताचे.

मित्रहो, ओढ्यावरचे हे ज्ञान पुस्तकात फारसे लिहिलेले नाही. ते वाडीतील वयस्क माणसांपाशी आहे, कातकरी बांधवांपाशी आहे, खाडीकाठच्या कोळ्यांपाशी आहे. कोणत्या नक्षत्रात कोणता मासा कोणत्या ओढ्यात चढतो, पाणी कोठवर आले की मागे फिरावयाचे, कोणता झरा कधी गढूळ होतो, हे त्यांना विचारून तरुणांनी वहीत लिहून ठेवावे. ग्रामपंचायतीने आणि शाळेने हे काम एकत्र येऊन हाती घेतल्यास एका पावसाळ्यात गावाचे स्वतःचे पंचांग तयार होईल. त्यात माशांच्या खुणा एका पानावर असतील आणि धोक्याच्या खुणा त्याच्या समोरच्या पानावर. अशी वही वाडीवाडीत असावी, दर मृगापूर्वी ती चारचौघांत वाचली जावी आणि पावसाळा सरल्यावर तीत नवी नोंद व्हावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.